नोंदवलेला नंबर

बँकेतल्या साहेबांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "ताई, कार्ड परदेशात चालतं. निर्धास्त जा." तीन दिवस चाललंही. बस, पाव, लेकीची छत्री. मशीनला टेकवलं की काम झालं. पर्समध्ये भाऊजींनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाने दिलेलं एक पाकीट होतं. त्यांच्या मुलासाठी इथून घड्याळ न्यायचं होतं, त्यासाठी इथल्याच नोटा. वर चार पिना आणि ताकीद, "याला हात लावायचा नाही." घड्याळाची किंमत ऐकून माझे डोळे पांढरे झाले होते.

चौथ्या दिवशी आम्ही मायलेकी खोल्या भाड्याने देणाऱ्या ऑफिसात बसलो होतो. इथे शिकणारी लेक राहत होती ते घर विकलं गेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बाहेर पडायचं होतं. आठवडाभर पायपीट करून तिला ही एकच परवडणारी खोली सापडली होती. पाचच्या आत अनामत भरली तर खोली तिची, नाहीतर मागच्या बाकावर बसलेल्या जोडप्याची. काउंटरवरच्या बाईने संगणक आमच्याकडे वळवला. मी कार्डावरचे आकडे वाचले, लेकीने भरले. पडद्यावर आलं, नोंदवलेल्या मोबाइलवर पाठवलेला कोड टाका.

माझा फोन मांडीवर गप्प पडला होता. नोंदवलेला नंबर भाऊजींचा.

अकरा वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हा भाऊजींनीच बँकेचे फॉर्म पुढे केले होते. "घरात एकच नंबर असलेला बरा. तुला कशाला ती कटकट?" मी रडत होते. रडत रडतच सही केली. मग अकरा वर्षं ब्लाउज शिवून ते खातं मी भरलं, आणि कोड लागला की जिन्यात उभं राहून वर हाक मारायची, भाऊजी वरून आकडे ओरडणार. त्याची इतकी सवय झाली होती, की विमानात बसताना जिना मागेच राहतोय हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मूर्ख बाई!

फोन लावला. तिकडे अजून दुपारच होती, भाऊजी जेवून आडवे झाले होते.

"भाऊजी, कोड आलाय बघा, तेवढा सांगा."

"केवढी रक्कम ही! कशाला हवेत ते आधी सांग."

सांगितलं.

"खोली? पुरे झालं आता शिक्षण. येताना तिला घेऊनच ये."

"तिचं एकच वर्ष राहिलंय. कोड सांगा, भाऊजी."

"बघतो. घरात बोलतो."

कोडची मुदत संपली. दुसऱ्यांदा मागवला, तर म्हणाले, "अगं, तुझ्याच भल्याचं सांगतोय." तिसऱ्यांदा फोन उचललाच नाही. तीन कोड वाया गेले तसं बँकेने कार्ड बंद केलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुई टोचून टोचून बोटांची चाळण झाली ती माझी. आणि माझ्याच पैशांना हात लावायला याची परवानगी? तीही हा लोळत देणार? मागचं जोडपं उठून काउंटरकडे सरकलं.

"आई, राहू दे," लेक खाली बघत म्हणाली. "येते मी परत."

हे ती ज्या आवाजात बोलली, तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मी सही केली तेव्हा माझा तसाच होता.

"गप्प बस," मी म्हणाले. पर्स उघडली, पाकीट काढलं आणि पिना दातांनी उपटल्या. काउंटरवरच्या बाईने नोटा दोनदा मोजल्या, पावती फाडली आणि लेकीच्या हातात किल्ली ठेवली. पाचला सात मिनिटं होती. पाकिटात दोन नोटा उरल्या.

आम्ही रस्ता ओलांडत होतो तेवढ्यात भाऊजींचा फोन आला. झोप झाली असावी.

"काय गं, घड्याळाचं दुकान बघितलंस का?"

"नाही. तुमचं पाकीट फोडलं. लेकीची खोली घेतली."

ते कडाडले, "माझे पैसे? कुणाला विचारून? ते मला परत हवेत, आत्ताच्या आत्ता!"

"देते की, भाऊजी," मी म्हणाले. "कशाला हवेत ते आधी सांगा."