छपाईसाठी स्वच्छ पान

पौडच्या एस.टी. स्टँडसमोर माझं सायबर कॅफे होतं, तेव्हाची, म्हणजे २००७ सालची गोष्ट. दर गुरुवारी कोळवणहून विठ्ठलराव यायचे. एस.टी.चे रिटायर्ड ड्रायव्हर. मुलगा निषाद अमेरिकेत. त्याच्या लग्नावरून बापलेकाचं वाजलं आणि बोलणं बंद पडलं. तो ब्लॉग लिहितो, एवढं पुतण्याकडून कळलेलं. तो छापून घ्यायला हा माणूस जीपमध्ये लटकत यायचा आणि वर म्हणायचा, "सहज आलोय, हेमलता."

कसलं डोंबलाचं सहज!

मी स्वतःला फार हुशार समजायचे. ब्लॉगवर 'छपाईसाठी' असं बटण होतं. ते दाबलं की फोटो, जाहिराती, सगळा पसारा जाऊन स्क्रीनवर नुसता मजकूर उरायचा. अक्षर मोठं करून मी छापून द्यायचे. विठ्ठलराव उभ्या उभ्या वाचायचे, मग कागद उलटा करून बघायचे. मागची बाजू कोरीच असायची.

"समद्या जगाचं लिवतोय," एकदा म्हणाले, "बापाचं नाव न्हाई कुटं."

एका गुरुवारी ते बटण चालेना. वैतागून मी अख्खं पान छापलं. एकाऐवजी तीन कागद आले. तिसऱ्यावर, वाचकांच्या प्रतिक्रियांमध्ये, निषादनंच लिहिलं होतं : 'दर गुरुवारी पुण्याकडून कुणीतरी हे पान उघडतं, असं इथला काउंटर दाखवतो. बाबा, तुम्हीच ना?'

मागचे लेख उघडले. प्रत्येकाखाली तोच प्रश्न. वर्षभर मी तो पसारा समजून काढून टाकत होते. माझी मलाच लाज वाटली.

"काका, चुकलं माझं," असं म्हणून मी तिसरा कागद त्यांच्या हातात दिला.

ते रागावले नाहीत. दोनदा वाचलं आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले.

"हितं उत्तर लिवता येतंय?"

"येतं ना. तुम्ही सांगा, मी टाइप करते."

बाहेर कोळवणची गाडी लागली, कंडक्टरनं हाका मारल्या, गाडी निघूनही गेली. ते हलले नाहीत.

"लिव," अखेर म्हणाले. "व्हय, मीच. दोघंबी जेवलात का?"