चुन्याची माती

धाकटी जाऊ ऑपरेशन करून घरी आली, तेव्हा परसात नुसता खड्डा होता. आईने स्वतःच्या हाताने लावून दिलेला तिचा जुना गुलाब गायब झाला होता. वर्षातून एकदाच फुलायचा तो. पाकळ्या पातळ, रंगही फिकट, पण वास असा की जणू पिकलेल्या सफरचंदात कुणी लवंगा ठेचून घातल्यात.

झुडूप सापडलं ते थोरल्या जावेच्या अंगणात.

"अगं, पाणी घालायला कोण होतं तुझ्याकडे? वाळून गेलं असतं," थोरली म्हणाली.

"आता मी आलेय ना, जाऊबाई. द्या परत."

"पुन्हा हलवलं तर जीवच जायचा त्याचा."

"मग एखादी फांदी तरी."

"छे, उगाच कापाकापी नको."

एवढ्यावर भागलं असतं. पण कुंपणाशी थांबलेल्या शेजारणीला थोरली कौतुकाने म्हणाली, "आमच्या माहेरचा आहे हो हा!" धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जागा बदलल्याने झुडूप मलूल झालं. थोरली आपल्या पायांनी विचारायला आली, "पानं गळतायत गं. काय करू?"

या जातीला किंचित आंबट, भुसभुशीत माती लागते. कुजलेला पालापाचोळा घालायचा आणि धीर धरायचा, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं.

"चुना घाला," ती म्हणाली. "दर आठवड्याला ओंजळभर. आणि थोडं छाटायला हवं. मीच येते."

छाटताना टोपली थोरलीनेच धरली. "कचरा मी टाकते," म्हणत धाकटीने चांगल्या जून फांद्या घरी आणून कुंड्यांत खोचल्या. बहुतेक कुजल्या. दोन जगल्या.

तिकडे पानं पिवळी पडली, फक्त शिरा हिरव्या उरल्या. धाकटी रोज वाट वाकडी करून ते बघून यायची.

"अजून घालू का गं?"

"घाला की! कमी पडत असेल."

बहराच्या दिवसांत झुडपाचा पार खराटा झाला. थोरलीने माळी बोलावला. त्याने माती चिमटीत चोळली आणि विचारलं, "चुना घालायला कुणी सांगितलं?"

थोरली तणतणत आली. धाकटीच्या पायरीवरच्या कुंडीत पहिलं फूल उमललं होतं.

"मुद्दाम केलंस तू!"

"हो."

थोरलीला नकाराची अपेक्षा होती.

"माझ्या आईचं नाव घेतलं असतंत ना," धाकटी म्हणाली, "तर पालापाचोळा मीच आणून घातला असता."

थोरली नकळत फुलाकडे वाकली. धाकटीने कुंडी उचलली, आत नेली आणि दार लावून घेतलं. आईने लावलेलं ते मूळ झुडूप आता परत येणार नव्हतं. त्याच्यासाठी ती ओट्याशी उभी राहून हमसून रडली. जावेसाठी मात्र तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.