बाईंच्या जागी टांगलेला टीव्ही

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे, पण माझ्यावर कधी मालिका लागली नाही की क्रिकेटचा सामना. उंबरमाळीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत एक लहानशी वाडी आहे. तिथल्या शाळेच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. माझ्या पाठीत एक पेनड्राइव्ह खोचलेला असतो आणि त्यात धड्यांचे छोटे छोटे व्हिडिओ आहेत. पानं अन्न कसं बनवतात, गुणाकार कसा करायचा, हृदय कसं चालतं, हे मी दाखवतो. एवढं चांगलं काम करूनही माझ्याकडे पहिल्या दिवसापासून वाडीतले काही लोक तिरक्या नजरेनंच बघत आले. त्यांचं चुकलं, असं मी म्हणणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो खोका, थर्माकोल आणि जीपमध्ये बसलेले धक्के. आमच्या शाळेत समीक्षा बाई एकट्याच शिकवतात. चारही इयत्ता त्यांच्याकडेच. पहिलीला अक्षरं गिरवून घ्यावीत, तर चौथी गोंधळ घालते, आणि चौथीचं गणित घ्यावं, तर पहिली रडायला लागते. म्हणून त्यांनी शहरातल्या एका मंडळाच्या मागं लागून मला मिळवलं होतं. मी भिंतीवर चढलो तेव्हा बाईंनी स्वतःच्या ओढणीनं माझी काच पुसली.

खिचडी शिजवणाऱ्या सकुबाई मात्र दारातच उभ्या राहिल्या. हातातला डाव खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "बाई, ह्यो शिकवनार?"

"हो ना सकुबाई. बघा तर खरं किती छान आहे!"

"मंग तुमी काय करनार?"

बाई हसल्या. सकुबाई हसल्या नाहीत. शाळेच्या समितीचे अध्यक्ष वाल्मिकदादा तेव्हा माझ्या खाली तारेला चिकटपट्टी लावत होते. त्यांचाही हात क्षणभर थांबला.

मित्रांनो, माझे ते दिवस फार चांगले गेले. माझ्या व्हिडिओंमध्ये निळ्या कुडत्यातली एक ताई आहे. ती प्रत्येक धड्याच्या शेवटी विचारते, "समजलं ना? शाब्बास!" बाई काय करायच्या, तिच्या 'समजलं ना'वर रिमोटचं बटण दाबायच्या. ताई तोंड उघडं ठेवून थांबायची. मग बाई मुलांकडे वळून विचारायच्या, "बोला, कोणाला नाही समजलं?" चार हात वर व्हायचे. बाई फळ्यावर पुन्हा समजावायच्या आणि मगच ताईला 'शाब्बास' म्हणू द्यायच्या. शिकवत कोण होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मुलं आणि येणारे-जाणारे माझंच कौतुक करत होते आणि मला ते आवडत होतं.

कौतुक ऐकून एकदा शहरातल्या त्या मंडळाचे पाहुणे आले. त्यांतल्या एका दादानं मोबाईल काढला आणि चौथीतल्या मितालीला माझ्यासमोर उभं केलं. "म्हण बाळा, बाई नसल्या तरी आम्ही टीव्हीवर शिकतो." मितालीनं बाईंकडे बघितलं. बाई दुसऱ्या पाहुण्यांना मुलांच्या वह्या दाखवत होत्या. मितालीनं वाक्य म्हटलं. दादा म्हणाला, "मस्त! हसून म्हण." तिनं हसून म्हटलं.

सकुबाईंनी ते खिडकीतून ऐकलं होतं. पाहुण्यांची गाडी उताराला लागली तशा त्या वाल्मिकदादांकडे गेल्या. "तू बघ रे, ह्या डब्याच्या पायी आपली बाई जानार."

आणि तसंच झालं. पावसाळा सरत आला, भातं पोटरीला येऊन कणसं धरू लागली आणि शिक्षण खात्याच्या कचेरीतून बाईंना दुसऱ्या एका शाळेवर जायचा हुकूम आला. तात्पुरता, असं सांगितलं. हुकूम घेऊन आलेल्या माणसानं रिमोट सकुबाईंच्या हातात दिला. "लाल बटण दाबायचं, बास." कधीतरी एक गुरुजी डोकावायचे आणि घाईघाईनं परत जायचे.

आता वाडीत संशयाला पाय फुटले. पाणवठ्यावर, पारावर, सगळीकडे एकच बोलणं. वाल्मिकदादा वर्गात येऊन माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "ह्यो बाईनंच आनला ना? तिलाच जायचं असंल. कसाऱ्यावरनं रोज चढाव चढून यायचा तिला कंटाळा आला. सोय लावून गेली."

ज्या बाईंना सकुबाई रोज पहिल्या वाफेचा चहा द्यायच्या, त्यांच्याबद्दल हे ऐकून त्या 'नाय' म्हणाल्या नाहीत. मित्रांनो, मला ते फार लागलं. मला तोंड होतं, आवाज होता, पण त्यातून फक्त ताईच बोलत होती.

मग तो दिवस उजाडला. अपूर्णांकांचा व्हिडिओ चालू होता. ताई म्हणाली, "एक छेद चार हा एक छेद तीनपेक्षा लहान असतो. समजलं ना? शाब्बास!"

मिताली उठून उभी राहिली. "नाय समजलं. चार तर तीनापेक्षा मोठा ना? मंग ह्यो लहान कसा?"

ताई पुढच्या उदाहरणाला लागली होती.

"ओ ताई, थांबा ना! लहान कसा?" मितालीनं मोठ्यानं विचारलं. ताई हसत हसत पुढंच चालली. मितालीनं माझ्या काचेवर हातानं थोपटलं, आधी हळू, मग जोरात. मागची पोरं हसायला लागली. तिचे डोळे भरून आले आणि ती मटकन खाली बसली.

सकुबाई धावत आल्या. त्यांना रिमोटवर थांबवायचं बटण सापडेना. त्यांनी सरळ माझी पिनच उपटली. "किती वेळ झाला पोर इचारतेय! आनि ह्यो मेला शाब्बास म्हनतोय!"

दुसऱ्या दिवशी वाल्मिकदादांनी मला भिंतीवरून उतरवलं. गोधडीत गुंडाळून जीपमध्ये घातलं. सोबत सकुबाई, मिताली आणि वाडीतली बरीच माणसं. मला वाटलं, आता मला भंगारात टाकणार. पण जीप थेट त्याच कचेरीपुढं थांबली. वाल्मिकदादांनी मला आत नेलं आणि साहेबांच्या टेबलावर उभं केलं.

"हा काय प्रकार आहे?" साहेब दचकले.

"सायेब, ह्यो तुमचा टीव्ही ठेवा. आमची बाई द्या."

"अहो, तुमच्याच शाळेत तर उत्तम चाललंय. बाई नसल्या तरी मुलं शिकतात. हे बघा." साहेबांनी मोबाईल पुढं केला. त्यात मिताली हसत होती. "ही तुमचीच मुलगी ना?"

सगळे मितालीकडे बघू लागले. तिनं सकुबाईंचा पदर घट्ट धरला. ती रडणार, असं मला वाटलं.

"ते मला त्या दादानी बोलायला लावलं होतं," ती म्हणाली. मग तिनं पदर सोडला. "सायेब, आता मी बोलते ते घ्या ना मोबाईलवर."

साहेबांनी मोबाईल उचलला नाही. शेवटी वाल्मिकदादांनीच खिशातून स्वतःचा काढला आणि तिच्यासमोर धरला.

"माजं नाव मिताली. बाई नसल्या की आमी नाय शिकत. आमी नुसतं बघतो. टीव्हीला इचारलं तर टीव्ही बोलत नाय. बाई बोलतात." थोडं थांबून ती म्हणाली, "हसून म्हनू का?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग कोपऱ्यात बसलेल्या कारकूनबाई हळूच म्हणाल्या, "सर, समीक्षा बाईंनीही हेच सांगितलं होतं. त्या दोनदा येऊन गेल्या. मला तिथंच राहू द्या म्हणून अगदी काकुळतीला आल्या होत्या."

वाल्मिकदादांची मान खाली गेली. सकुबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

बाई लगेच परत आल्या नाहीत. साहेब 'बघतो' म्हणाले होते, आणि त्या 'बघतो'वर कोणाचाच भरवसा नव्हता. वाल्मिकदादांनी मितालीचं बोलणं गावोगाव पाठवलं, आणि जो भेटेल त्याला ते दाखवत राहिले. साहेबांनी मला ठेवून घेतलं नव्हतं, म्हणून मी वाल्मिकदादांच्या ओटीवर गोधडीतच होतो. शेवटी ते वरपर्यंत पोचलं, बाईंचा हुकूम फिरला आणि भातझोडणी चालू असताना एका सकाळी ओळखीचा आवाज आला, "आमचा टीव्ही कुठाय?"

वाल्मिकदादा बाहेर आले. "बाई, मी तुमच्याबद्दल वंगाळ बोललो."

"माहितीय मला," बाई म्हणाल्या. "मला वाईट वाटलं. पण तुम्ही मला परत मागायला कचेरीत गेलात ना."

बाईंनी वर्गात पहिल्या दिवशी मला लावलंच नाही. सकुबाईंकडून दोन सारख्या भाकऱ्या मागवल्या. एक भाकरी तिघांत वाटली आणि दुसरी चौघांत. मिताली चौघांत होती. आपला तुकडा बघून ती ओरडली, "आमचाच बारका! वाटनारे जास्ती ना, म्हनून!" आणि स्वतःच गोड हसली.

मला परत टांगायची वेळ आली तेव्हा सकुबाई आडव्या आल्या. "पयला सांगा बाई, ह्याच्यापायी तुमाला परत नेनार नाय ना?"

"तसा शब्द मला देता येणार नाही सकुबाई," बाई म्हणाल्या.

सकुबाई म्हणाल्या, "मंग बाई वर्गात आसंल तवाच ह्यो लागंल." तोच नियम झाला. आता माझ्या काचेवर एक उभी रेघ उमटली आहे, आवाजही घोगरा झाला आहे. सकुबाईंची नजर अजून निवळलेली नाही.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्यावरची धूळ कोरड्या फडक्यानं पुसत जा, तारा ओढू नका. त्यानं सांगितलेलं पटलं नाही, तर त्याला थांबवा आणि हात वर करा. आणि त्याचं नाव पुढं करून तुमच्या बाईंना किंवा गुरुजींना न्यायला कोणी आलं, तर मागंपुढं न बघता त्याला भिंतीवरून खाली उतरवा. त्याला राग येणार नाही, हे मी तुम्हांला खात्रीनं सांगतो.