केवड्याचं कोकरू

मुळशी तालुक्यातल्या सूसच्या मंगल कार्यालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती. गंधनाथ महाराज समोरच्याच्या मनगटावरून कोरडं बोट फिरवत आणि वास दरवळे. सोसायटीतल्या साहेबांना ऊद, जरीच्या साडीला मोगरा, घोंगडीवाल्याला केवडा. "हा तुझा जन्मगंध. तुझ्या अंगाला, तुझ्या गावच्या हवेला देवानंच निवडलाय," असं म्हणून महाराज त्याच वासाची कुपी पुढे सरकवत. साहेबांसाठी देवाचा भाव अर्थातच चढा होता.

रांगेतल्या समीक्षाच्या अंगाचा तिळपापड होत होता. तिची आई बानूबाई कासारसाईच्या माळावर मेंढरं राखायची. परवा महाराजांच्या सांगण्यावरून तिनं नुकत्याच जन्मलेल्या कोकराला केवडा चोळला. तेव्हापासून मेंढी त्याला कासेजवळ येऊ देईना, ढुशा मारी. महाराज म्हणाले, कोकराला बाधा झालीय, आश्रमाला देऊन टाका. म्हणून बानूबाई आज भुकेनं मान टाकलेलं ते पिल्लू ओटीत घेऊन पुढच्या ओळीत बसली होती. मेंढी पिल्लाला वासानं ओळखते हे लेकीला तिनंच शिकवलेलं. पण लेक तेच सांगायला गेली तर आई म्हणाली, "म्हाराजापरीस तुला लई कळतंय व्हय?"

सकाळी आईचं लुगडं नेसून, तोंडावर पदर ओढून समीक्षा एकदा रांगेतून जाऊन आली होती. तेव्हा केवडा निघाला. आता ती जीन्स घालून, केस मोकळे सोडून पुढे बसली. महाराजांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "ऊद."

"सकाळी केवडा होता. चार तासांत माझा जन्म बदलला?" तिनं दोन्ही मनगटं लोकांच्या नाकापुढे धरली. महाराज मनाच्या चंचलतेवर बोलू लागले, तोच तिनं त्यांचा हात धरून अंगठी उपसली. खड्याच्या मागे अत्तरात भिजलेला कापूस होता. पाच बोटांत पाच अंगठ्या, पाच वास. कपडे बघायचे आणि बोट निवडायचं, एवढीच ती सिद्धी.

मागून कुणीतरी म्हणालं, देवाची टिंगल नको.

"टिंगल यानं केलीय," समीक्षानं आईच्या ओटीतल्या कोकराकडे बोट दाखवलं. "त्या मुक्या जिवाला दोन दिवस उपाशी ठेवून."

बानूबाई कोकरू घेऊन उठली. माळावर येऊन तिनं कोकरू कोमट पाण्यानं धुतलं आणि त्याच मेंढीचं दूध त्याच्या शेपटीला, पाठीला चोळलं. मेंढीनं हुंगलं, परत हुंगलं, आणि मागचा पाय बाजूला घेतला. कोकरू लुचू लागलं.

बानूबाईनं डोळे पुसले. "जनम गेला मेंढरांत," ती म्हणाली, "आन् माजं नाक म्या त्याच्या हवाली केलं."

अत्तर खुशाल लावावं. आपल्या मनगटाला लावून तासभर उन्हात, मुळशीच्या दमट हवेत हिंडावं; घामातही आवडलं तर घ्यावं. त्याला आपलं नाक पुरतं. बुवाला विचारायचं काही कारण नाही.