जे पुकारलं नाही

“थांब. आताच नोको दाबू.”

“मामाजी, दोनच मिनिटं राह्यली.”

“राहू दे. समोरच्याले वाटू दे का आपन निंगून गेलो.”

धम्मशीलेचा अंगठा मोबाइलच्या काचेवर अधांतरी थांबला. ती नुकतीच आरोग्य उपकेंद्रातून घरी आली होती. कामावरची साडी अजून अंगावरच होती आणि कणीक मळायची राहिली होती. शेजारी खाटेवर तिचे सासरे किसनराव डोळे मिटून बसले होते.

मलकापूरच्या बाजारात किसनरावांनी आयुष्यभर धान्याचे लिलाव पुकारले. ज्वारी, तूर, हरभरा, जो हंगाम असेल त्याच्या ढिगापाशी उभं राहायचं, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे आणि भाव पुकारत जायचं. कोणता व्यापारी किती ताणणार हे त्यांना त्याच्या तोंडाकडे न बघता, चपलांच्या चुळबुळीवरून कळायचं. या मोबाइलवरच्या लिलावात कुणाच्या चपला दिसत नव्हत्या. समोर कोण होतं तेही ठाऊक नव्हतं. फक्त एक आकडा होता आणि तो मध्येच बदलायचा.

“आता एकेचाळीस दाखवते.”

“हं. आता टाक. एक्कावन्न.”

तिने दाबलं. काचेवर एक गोल फिरत राहिला आणि मग हिरवी अक्षरं आली.

“सुटली, मामाजी! आपल्यावर सुटली!”

किसनरावांनी डोळे उघडले. सवयीने त्यांचा हात वर गेला आणि ओठांतल्या ओठांत ते म्हणाले, “एक्कावन्न एक, एक्कावन्न दोन, एक्कावन्न तीन.”

आतल्या खोलीतून किसनरावांच्या बायकोचा, सिंधूताईंचा आवाज आला, “कोन आलं वो? बाबा आले का वरवटहून?”

“येऊन राह्यले,” किसनराव मोठ्याने म्हणाले. “निंगाले तिकडून.”

सिंधूताईंचे बाबा म्हणजे वरवट बकालचे कडूबा. ते जाऊनही आता खूप वर्षं झाली होती. भीमजयंतीच्या दिवसांत कडूबांची गायन पार्टी गावोगाव फिरायची. पेटी, ढोलकी आणि कडूबांचा उंच, किंचित नाकातला आवाज. अकोल्याच्या कुणी तरी त्यांची एक कॅसेट काढली होती, एकच. घरातली प्रत नागसेन लहान असताना टेपमध्ये अडकून तिची फीत चुरगळली. नागसेन म्हणजे धम्मशीलेचा नवरा. तो आता नाशिकला नोकरीला होता आणि महिन्याकाठी यायचा.

सिंधूताईंचं विसरणं सुरू झालं ते गॅसवरच्या दुधापासून. मग शेजारणींची नावं गेली. मग नागसेन गेला. धम्मशीलेला त्या ‘सिस्टर’ म्हणायच्या आणि गोळी घेतल्यावर नमस्कार करायच्या. नवऱ्याला त्या नावाने कधीच हाक मारत नव्हत्या, त्यामुळे त्यांना नवरा आठवतो की नाही हे किसनरावांनाही नक्की सांगता आलं नसतं. बाबा मात्र टिकून होते. रोज सकाळी चहाचा कप हातात घेतला की त्या विचारायच्या, “बाबा आले का वरवटहून?” बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की सगळ्यात जुनं असतं ते सगळ्यात शेवटी जातं. किसनरावांनी त्याचा अर्थ एवढाच घेतला की अजून थोडा वेळ आहे. त्या वेळात तिच्या कानावर तिच्या बापाचा आवाज पडला पाहिजे.

धम्मशीलेला ती कॅसेट दिसली तीही योगायोगाने. सासूसाठी जुना वॉकर मिळतो का म्हणून ती त्या लिलावाच्या साइटवर हिंडत होती. बोट सरकवता सरकवता एक निळं, विटलेलं वेष्टन समोर आलं. पेटी घेऊन बसलेली तीन माणसं आणि खाली ‘कडूबा आणि पार्टी, वरवट बकाल’.

पोळ्या झाल्यावर पैसे भरायला ती मोबाइल घेऊन बसली आणि तिचं बोट थांबलं.

“काय झालं?”

“मामाजी, इथं येगळंच दाखवून राह्यलं.”

एक्कावन्नच्या खाली ‘टपाल व हाताळणी’ अशी ओळ होती. त्यापुढे साडेसहाशे.

“साडेसहाशे? पेटी पाठवून राह्यला का पेटीवाल्यासकट?”

धम्मशीलेला हसू आलं नाही. तिने मागे जाऊन पुन्हा पाहिलं. कॅसेटच्या माहितीखाली ‘आणखी वाचा’ असं होतं. त्यावर बोट ठेवल्यावर आणखी चार ओळी उघडल्या आणि सगळ्यात खाली, फिकट अक्षरांत, टपालखर्च विक्रेता ठरवेल असं लिहिलेलं होतं.

“माहीच चूक झाली. म्या खालचं उघडलंच नाही.”

“तुही काऊन चूक? हे पुकारलं कोनं?”

यार्डात पहिली बोली लागण्याआधी पुकारणाऱ्याने सगळं मोठ्याने सांगायचं असतं. हमाली कुणाची, तोलाई कुणाची, पोत्यांचा बारदाना परत मिळणार की नाही. सगळ्यांच्या कानावर घालायचं आणि मग भाव काढायचा. जे पुकारलं नाही ते लागत नाही. किसनरावांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की मोबाइलवर कुणीच काही पुकारलं नाही, तेव्हा काहीच लागणार नाही, असं ते धरून चालले. विचारायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

“भरून टाकू, मामाजी. आत्याबाईसाठी तर घेऊन राह्यलो.”

“पैशाचं नाही, धम्मा. बोली सुटल्यावर कडता घेऊन राह्यला हा मानूस.”

कडता म्हणजे भाव ठरून गेल्यावर, माप घेताना, माती-कचऱ्याच्या नावाखाली व्यापारी जे कापून घेतो ते. किसनरावांनी अर्धं आयुष्य त्याच्याशी भांडण्यात घालवलं होतं. नंबर शोधून त्यांनी विक्रेत्याला फोन लावला. पुण्याचा कुणी सौमित्र म्हणून होता. आवाजावरून तरुण वाटला आणि दमलेलाही.

“काका, खाली लिहिलंय सगळं.”

“लिव्हलं असन. पुकारलं नाही.”

“म्हणजे?”

“म्हंजे आधी सांगतलं नाही. एवढीशी वस्तू पाठवाले येवढा खर्च येते का?”

“नाही येत,” तो सरळ म्हणाला. “पण साइट बोलीच्या रकमेवर कमिशन कापते, टपालावर कापत नाही. आणि बोली दहा रुपयांपासून लावली नाही तर कुणी फिरकत नाही. सगळेच असं करतात काका. मी एकटा सरळ राहिलो तर घरभाडं कुठून भरू?”

किसनरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग ते म्हणाले, “बापू, त्याच्यात माह्या सासऱ्याचा आवाज आहे. बायको आजारी आहे माही. तिले ऐकवाचं होतं.”



“मग तर घ्याच ना काका,” सौमित्र म्हणाला.

“एक करतं का? थोडं वाजवून दाखव फोनवर.”

“माझ्याकडे टेप नाहीये. मी हा माल रद्दीवाल्याकडून किलोवर उचलतो. आत काय आहे मला माहीत नाही. बघा, विचार करा. नाहीतर मी परत लिलावाला लावतो.”

किसनरावांनी फोन ठेवला. “येईन थो खाली,” ते सुनेला म्हणाले. “दोन पावलं मागं सरकलं का समोरचा हाक मारते. म्या जिंदगीभर पाह्यलं.”

ते दोन पावलं मागं सरकून थांबले. हाक आली नाही, पण कॅसेटही अजून परत लिलावाला लागली नव्हती. सकाळी सिंधूताई विचारायच्या आणि किसनराव सांगायचे, “भाव चालू आहे, येतीन.” धम्मशीला एकदा दबकत म्हणाली, “मामाजी, म्या भरू का गुपचूप?” त्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

मग एका सकाळी सिंधूताईंनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि खिडकीतून बाहेर पाहत बसल्या. काही विचारलं नाही. रात्री झोप झाली नसेल, किसनरावांनी मनाशी म्हटलं. दुसऱ्या सकाळीही तेच झालं. किसनरावांनी कप विसळून ठेवला, मग ते परत येऊन तिच्याजवळ बसले आणि त्यांनी स्वतःच विषय काढला.

“आज बाबा येनार आहेत ना?”

सिंधूताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं, सभ्यपणे.

“कोनाचे?” त्यांनी विचारलं.

त्याच दुपारी किसनराव यार्डात गेले. हरभऱ्याची आवक सुरू होती. नवा पुकारणारा पोरगा गळ्यात माइक अडकवून ढिगांमधून चालत होता. किसनरावांच्या वेळचे अडते नारायणराव मुलाच्या दुकानात गादीवर तक्क्याला टेकून बसले होते. दुकान आता मुलगा बघायचा. बापाने फक्त बसायचं आणि चहा मागवायचा.

“या पुकारे! रस्ता चुकले का?”

“टेप आहे का तुमच्याकडं? जुना, कॅसेटवाला?”

“आहे ना. माळ्यावर पडला आहे. काऊन, लगीन लावून राह्यले का कोनाचं?”

किसनरावांनी सगळं सांगितलं. नारायणराव आधी ऐकत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि मग ते खोकला येईपर्यंत हसले.

“किसनराव, तुमाले बी कडता लागला! अरे, माह्या कडत्यापायी तुमी अख्खा यार्ड बंद पाडला होता. आठोते का? तोंडावर म्हनले होते मले, चोर आहे म्हनून.”

“आठोते.”

“अन् पुढच्या हप्त्यात म्या पुन्हा कापला. तुमी दुसऱ्या ढिगावर गेले होते.”

“थेही माईत आहे मले.”

नारायणरावांचं हसू ओसरलं. चहा आला. त्यांनी बशीत ओतला, पण उचलला नाही.

“एक सांगू का? कास्तकार मले शिव्या द्याचा, पन माल टाकूनच जायाचा. काऊन? परत नेनार कसा? सांज झालेली, बैल थकलेले, घरी मानसं वाट पाहून राह्यलेली. आमाले थे माईत राहे. त्याच्यावरच तर आमचा कडता चाले.” त्यांनी चहाचा कप किसनरावांपुढे सरकवला. “भरून टाका, किसनराव. तुमचे बैल थकले आहेत.”

बाहेर माइकवरून भाव चढत होता. किसनरावांनी चहा संपवला. नारायणरावांच्या मुलाने माळ्यावरून टेप काढून दिला. त्याचं झाकण सैल होतं, ते हाताने दाबून धरावं लागायचं. तो पिशवीत घालून ते चालत घरी आले आणि दारातूनच म्हणाले, “धम्मा, भर.”

पार्सल आलं तेव्हा किसनराव किराणा दुकानावर गेले होते. पाकिटावर चिकटवलेल्या पट्टीवर टपालाचा खरा खर्च छापलेला होता. धम्मशीलेने तो वाचला आणि नखाने पट्टी खरवडून काढली. किसनराव परतले तेव्हा टेबलावर पाकीट होतं आणि त्यावर कागद सोलल्याची पांढरी खूण होती. त्यांचं बोट त्या खुणेवरून एकदा फिरलं.

सिंधूताईंना त्यांनी उशीला टेकवून बसवलं. केस धम्मशीलेने विंचरून दिले. कॅसेट आत गेली, तिने झाकण दाबून धरलं आणि बटण खाली केलं. बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. किसनरावांनी मान खाली घातली. रद्दीतला माल, कुणी तरी वर दुसरंच काही भरलेलं असेल.

मग पेटीचा सूर आला. ढोलकीवर थाप पडली. आणि कडूबा गायला लागले.

आवाज चिरका झाला होता, मध्येच पाण्याखाली गेल्यासारखा बुडायचा आणि वर यायचा. पण तोच होता. ओळ संपताना तो जरा खाली उतरायचा, दम घ्यायचा आणि पुन्हा वर चढायचा. किसनराव लग्नाआधी हा आवाज ऐकायला तीन गावं चालून गेले होते. आत्ता मात्र ते गाणं ऐकत नव्हते. ते सिंधूताईंच्या चेहऱ्याकडे पाहत होते. गायन पार्टीच्या रिवाजाप्रमाणे शेवटच्या कडव्यात गाणारा आपलं नाव घालतो. ते कडवं अजून यायचं होतं.

सिंधूताई लक्ष देऊन ऐकत होत्या. मांडीवरचे हात स्थिर होते. कडव्यामागून कडवं गेलं. शेवटचं आलं आणि त्यात ‘कडूबा म्हणे’ आलं, अगदी स्पष्ट, एकदा, आणि साथीदारांनी ओळ धरताना पुन्हा एकदा. धम्मशीलेने झाकण आणखी घट्ट दाबून धरलं.

“कोन हाय वो हा?” सिंधूताईंनी विचारलं.

किसनरावांनी तोंड उघडलं. मग ते म्हणाले, “आहे एक. वरवटचा.”

“चांगलं गाते.” त्या थोडं पुढे झुकल्या. “गया सुकला बिचाऱ्याचा. पानी द्या त्याले.”

किसनराव गुडघ्यावर हात टेकून उठले. माठातून त्यांनी पेला भरला. पेल्याचं बूड उपरण्याला पुसलं आणि तो टेपच्या शेजारी ठेवला. दुसऱ्या गाण्याची पेटी सुरू झाली होती.

“असं नाही,” सिंधूताई धम्मशीलेकडे वळून म्हणाल्या. “आधी पिऊ द्या, सिस्टर.”

धम्मशीलेने बटण दाबलं. चाकं थांबली. भरलेला पेला तसाच होता आणि तिघंही त्या गाणाऱ्याचं पाणी पिऊन होण्याची वाट पाहत बसली.