खंडेनवमीचे दोन सांधे

मार्तंडरावांनी वेल्डिंगच्या रजिस्टरातील एका ओळीखाली स्टीलची पट्टी धरली, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले आणि टोपण काढलेले पेन पुन्हा बंद केले.

समोर हिंमतराव उभे होते. कारखाना त्यांचा. डेन्मार्कच्या एका दुग्धालयासाठी बनवलेले वाफेच्या पाइपांचे नऊ तुकडे शेडमध्ये लाकडी पेट्यांशेजारी मांडून ठेवले होते आणि फाटकाशी ट्रक येऊन थांबला होता.

"सही तेवढी राहिलीय, सर."

"सोळा आणि सतरा नंबरचे सांधे कधी जोडले?"

"रजिस्टरात असंल की."

"आहे. त्या दिवशी खंडेनवमी होती."

हिंमतरावांनीही दिनदर्शिकेकडे पाहिले. खंडेनवमीला या शेडमध्ये पान्यालासुद्धा कोणी हात लावत नसे. यंदाही सकाळीच मुख्य स्विच बंद झाला होता, वेल्डिंग मशिनला झेंडूची माळ घातली होती आणि खोबऱ्याचा तुकडा मार्तंडरावांनी तिथेच उभे राहून खाल्ला होता.

"डेन्मार्कवाल्यांना खंडेनवमी काय ठाव?" हिंमतराव हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "आणि तुमीच सांगितलं न्हवं, त्यांच्या नियमात हे पाइप सगळ्यात कमी धोक्याच्या वर्गातले. बाहेरचा इन्स्पेक्टर येत न्हाय. घोषणापत्र आपणच लिहायचं, सही आपणच करायची."

"म्हणून तर विचारतोय."

मार्तंडरावांनी तीस वर्षे तंत्रनिकेतनात शिकवले होते; हिंमतराव त्यांचेच विद्यार्थी. निवृत्तीनंतर ते या कारखान्याच्या फायली पाहत. कोणत्या पाइपचा दाखला कोणता, कोणता सांधा कोणी व कधी जोडला, पाण्याच्या दाबाला तो टिकला की नाही, हे सारे त्या फाइलमध्ये दहा वर्षे जपून ठेवायचे होते.

त्यांनी वीरभद्रला बोलावले. अणदूरचा वीरभद्र बावीस वर्षे इथे वेल्डर होता. रजिस्टरभर वेल्डर म्हणून त्याचाच नंबर होता, एक. त्याच्यामागून त्याची सून सिद्धम्माही आली आणि दाराशी थांबली. ती इथेच ग्राइंडर चालवत असे. हातमोजे तिने काढले नव्हते.

"वीरभद्र, हे दोन सांधे कधीचे?"

वीरभद्रने रजिस्टर लांब धरले, मग नाकाशी आणले.

"दिवसाला दोन, या अंदाजानं तारखा मागनं टाकल्या, सर."

"नवमीला नारळ कोणी फोडला?"

रजिस्टर हळूच टेबलावर आले.

"म्याच की."

बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

"मामा, तुमी सांगा," सिद्धम्मा दारातून म्हणाली, "न्हायतर मी सांगते."

"दसऱ्यानंतर दोन दिसांनी झाले ते," वीरभद्र म्हणाला. "म्या न्हाय केले. हिनं केले. डोळ्यात मोतीबिंदू हाय, सर. त्या दिशी सांध्याची कडच दिसंना. हिचं आयटीआय झालंय लग्नाआधी. म्हणलं, कर. नंबर माझा टाकला."

हिंमतराव खुर्चीत बसले. "अण्णा, आता तुमाला घरी बसवू का काय करू?"

आवाज चढा नव्हता. वीरभद्रने खांद्यावरचा पंचा उगाच दुसऱ्या खांद्यावर टाकला.

मार्तंडराव उठले. "दोन्ही सांधे कापा."

"सर, ट्रक—"

"उद्या जाईल. त्याला चहा सांगा."

वीरभद्रने ग्राइंडर उचलला. सिद्धम्माने तो त्याच्या हातातून घेतला आणि स्वतःचेच सांधे कापले. मार्तंडरावांनी कापलेल्या पाइपमध्ये बॅटरीचा उजेड टाकला. सांध्याची आतली रेघ सलग, बारीक, चकचकीत होती. त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

"चांगलं काम आहे," ते सिद्धम्माला म्हणाले. "पण यावर दाखला देता येणार नाही. माझ्यासमोर जोडावं लागेल. या वर्गात वेल्डरची परीक्षा कारखाना स्वतः घेऊ शकतो. बस समोर."

दुपारभर ती चाचणीचा तुकडा जोडत होती. हिंमतराव दोनदा येऊन पाहून गेले. मार्तंडरावांनी त्या तुकड्याच्या चार पट्ट्या कापून घेतल्या आणि प्रेसमध्ये एकेक वाकवल्या. प्रत्येकीच्या वाकलेल्या भागावरून नख फिरवले, भिंग धरले. कुठे चीर नव्हती.

"आणि अण्णा?" हिंमतरावांनी विचारले.

"मोतीबिंदू काढता येतो. मी गेल्या वर्षी काढला. तोवर हिच्या कामावर त्यांची देखरेख, नंतर त्यांचीही परीक्षा."

"नापास झालो तर?" वीरभद्रने विचारले.

"तर पुन्हा बसायचं. हिंमतराव तीनदा बसले होते."

हिंमतराव प्रथमच मोकळे हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धम्माने दोन्ही सांधे नव्याने जोडले. पाण्याची चाचणी झाली, पेट्यांना खिळे बसू लागले. मार्तंडरावांनी रजिस्टर उघडले.

"खोडरबर नाही, गिरवागिरवी नाही. एक सरळ रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहायचं आणि सही."

वीरभद्रचे पेन ओळीवर अडखळले. सिद्धम्माने पट्टी ओळीखाली धरली. त्याने रेघ मारली, सही केली. खालच्या कोऱ्या ओळींत तिने नव्या सांध्यांपुढे आपले नाव लिहिले, नंबर दोन.

मार्तंडरावांनी पेन घेतले, पण पान उलटले नाही. पानाच्या तळाशी 'तपासले' या शब्दापुढे त्यांचीच सही होती, आठवड्यापूर्वीची. वीरभद्र वाकून, डोळे बारीक करून पाहत होता.

"सर, तवा तुमाला बी मोतीबिंदू व्हता का?"

"माझा काढून झालाय," मार्तंडराव म्हणाले.

त्यांनी सिद्धम्माकडे हात पुढे केला. तिने पट्टी दिली, ती त्यांनी स्वतःच्या सहीखाली धरली.