राजाभाऊंचा गुडघाभर पाण्याचा गळ

कतारमध्ये नदी नाही. ओढा नाही, नाला नाही, आणि पाऊस पडून रस्त्यावर जे साचतं ते टँकर येऊन उचलून नेतो. त्यामुळे नदीतल्या ट्राउट माशासाठी गळ लावण्यात अख्ख्या कतारमध्ये पहिला नंबर कुणाचा, हा प्रश्न कधी चर्चेला आलाच नाही. तो राजाभाऊंचा होता. निदान राजाभाऊंना याबद्दल शंका नव्हती.

राजाभाऊ मूळचे नाशिकचे, वय सत्तावन्न, गॅस प्लांटवर पाइपिंग इंजिनियर, मुक्काम दोह्याजवळ अल वक्रा, तिसरा मजला. मासा त्यांनी आयुष्यात खाल्लेला नव्हता. आठ वर्षांपूर्वी पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा त्यांनी मोबाइलवर एक गोरा म्हातारा पाहिला. तो उथळ नदीत उभा राहून लांब काठी हलवत होता आणि काठीच्या दोराला बांधलेली खोटी माशी पाण्यावर अशी अलगद उतरवत होता, की राजाभाऊंना प्लास्टरच्या आत गुदगुल्या झाल्या. प्लास्टर निघालं, छंद राहिला.

तेव्हापासून दर शुक्रवारी ते जेवणाच्या टेबलावर गळ बांधत. जाड दोर, त्याच्या पुढे निमुळता होत जाणारा नायलॉनचा धागा, त्याच्या टोकाला तरंगणारी खोटी माशी. माशीच्या आकड्याला खाली आणखी एक बारीक धागा आणि त्याला बुडणारी खोटी अळी. सगळी मेख या खालच्या धाग्यात. ट्राउट तळाशी प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. अळी तळापासून दोन बोटं वरून गेली तर खातो. पाच बोटं वरून गेली तर मान वर करण्याचे कष्टही घेत नाही. आणि अळी तळाला घासली की दगडात अडकते. म्हणजे पाणी किती, त्यावर धागा किती हे ठरतं.

माशीचे पंख एसीच्या बाहेरच्या युनिटवर बसणाऱ्या कबुतरांच्या पिसांचे असत. अळीचं अंग जळालेल्या चार्जरमधल्या तांब्याच्या तारेचं. अळीच्या डोक्याला एक काळा मणी लागे, तो त्यांच्या पत्नीच्या, चारुलताबाईंच्या, जुन्या तुटलेल्या पोतीतून आला होता.

"माझं मंगळसूत्र माशाच्या तोंडात घालणारा नवरा सगळ्या दोह्यात मलाच मिळाला," चारुलताबाई म्हणत.

"पोत तुटलेली होती," राजाभाऊ म्हणत. "आणि मासा अजून कुठे मिळालाय?"

हेच खरं दुखणं होतं. आठ वर्षांत एकही गळ नदीत पडला नव्हता. म्हणून या ईदच्या सुट्टीत राजाभाऊंनी जॉर्जियाचं तिकीट काढलं. त्यांचा ऑफिसातला सोबती फुजैल बायकोला, जाहिदाला, घेऊन तिकडेच निघाला होता. गेस्ट हाउसच्या मागे उथळ नदी, नदीत ट्राउट, मालकाची परवानगी, सगळं जमलं. निघायच्या चार दिवस आधी कळलं, की राजाभाऊंच्या पासपोर्टची मुदत तीन महिन्यांत संपतेय आणि एवढ्या मुदतीवर विमानात बसू देणार नाहीत. प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघणाऱ्या माणसाने पासपोर्टवरची मुदतीची तारीख आठ वर्षांत एकदाही पाहिली नव्हती.

पासपोर्ट नूतनीकरणाला गेला. काठी आणि गळ मात्र फुजैलच्या बॅगेतून गेले.

फुजैल श्रीवर्धनचा, सव्वासहा फूट उंच. त्याचे आजोबा-पणजोबा होडीवाले. त्याच्या लेखी मासा समुद्रात असतो आणि तो जाळ्याने काढतात. बाकी सगळं लहान मुलांचे खेळ. विमानतळावर गळांचा डबा घेताना तो म्हणाला होता, "राजाभाऊ, मी हा गळ टाकतो. मासा लागला तर ऑफिसात सगळ्यांसमोर तुमाला उस्ताद म्हणेन. नाय लागला तर पुढच्या शुक्रवारपासून टेबल मोकळं करा, वहिनींना जेवायला वाढायला जागा होऊ दे."

"मंजूर," चारुलताबाई राजाभाऊंच्या आधी म्हणाल्या.

डब्यात तीन पुड्या होत्या. प्रत्येकीवर राजाभाऊंच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: घोटाभर पाणी, पोटरीभर पाणी, गुडघाभर पाणी.

चार दिवस फुजैलचा रोज फोटो आला. नदीचा, पुलाचा, चीज घातलेल्या ब्रेडचा. माशाचा नाही. पाचव्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल आला. जाहिदा काठावर फोन धरून उभी होती. पडद्यावर फुजैल पाण्यात आणि पाणी बरोब्बर त्याच्या गुडघ्याला.

"उस्ताद!" तो ओरडला. "चार दिवस झाले. माशी मस्त तरंगते, मासा खालून बघतो आणि हसतो. आज दुपारी आमचं विमान. खलास."

"मासे आहेत पण, भाऊ," जाहिदा म्हणाली. "मला इथून दिसतायत. सगळे तळाला बसलेत."

राजाभाऊंचा चहा कपात तसाच राहिला. त्यांनी जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "फुजैल, पुडी कुठली घेतलीस?"

"गुडघाभर पाणी. आणि बघा, गुडघाभर पाणी. तुमच्या लिहिण्यात खोट नाय, तुमच्या माशीतच खोट."

राजाभाऊंनी पडद्यावरचा तो गुडघा पाहिला. मग टेबलाखाली वाकून स्वतःचा पाहिला. प्लांटवर तीन मिलिमीटरच्या फरकावरून कंत्राटदाराला परत पाठवणाऱ्या माणसाने घरी धाग्याची लांबी गुडघ्यात लिहिली होती. आणि गुडघा कुणाचा, हे लिहायचं राहिलं होतं.

"अहो, टेप," चारुलताबाई म्हणाल्या. त्यांनी टेबलाखाली वाकलेल्या नवऱ्याकडे बघून ड्रॉवर आधीच उघडला होता.

राजाभाऊंचा गुडघा भरला शेहेचाळीस सेंटीमीटर. जाहिदाने फुजैलला काठावर बोलावून ओढणीने त्याचा मापला आणि ओढणी गेस्ट हाउसवाल्याच्या टेपला लावली. सत्तावन्न.

"अकरा सेंटीमीटर!" राजाभाऊ उभे राहिले. "अरे, अळी तळापासून वीतभर वर लटकतेय चार दिवस! मासा हसेल नाही तर काय करेल? खालचा धागा काप. डब्यात बारीक नायलॉनचं रीळ आहे, त्यातून पंचावन्न सेंटीमीटरचा नवा घे. एक टोक माशीच्या आकड्याला, दुसरं अळीला."

"गाठ कुठली मारू? होडीची येते मला."

"होडीची गाठ मारलीस तर नदीत होडी बांधशील! माझी शीक."

नायलॉन इतकं बारीक, की कॅमेऱ्यात दिसेना. चारुलताबाई उठून आत गेल्या आणि परकराची लाल नाडी आणि किल्ल्यांची कडी घेऊन आल्या. राजाभाऊंनी कडी फोनसमोर धरली आणि चारुलताबाईंनी नाडी ओवली. आठ वर्षं समोर बसून टोमणे मारता मारता त्यांनी गाठ पाठ केलेली होती, हे राजाभाऊंना त्या दिवशी कळलं.

"हे बघ फुजैल," त्या म्हणाल्या, "टोक आत घातलं. आता लांब बाजूला पाच वेढे. मोज. एक, दोन... पाच. आता टोक कडीजवळच्या भोकातून मागे काढ."

"वहिनी, उस्ताद तुमीच आहात."

"गप आणि ओढ."

फुजैलने ओढली. धागा तटकन तुटला.

"थुंकी लाव!" राजाभाऊ आणि चारुलताबाई एकदम ओरडले. "कोरडा धागा गरम होतो! तोंडात धरून ओला कर, मग हळूच ओढ!"

खालच्या मजल्यावरच्या मीनाताई कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि काहीही न विचारता पाणी घालत राहिल्या.

दुसरी गाठ बसली. अळीकडची तिसऱ्या खेपेला. फुजैल पुन्हा पाण्यात गेला. राजाभाऊंनी सांगितल्याप्रमाणे तो दोन पावलं प्रवाहाच्या खालच्या अंगाला उभा राहिला आणि गळ वरच्या अंगाला टाकला. माशी उतरली, वाहत खाली आली. काही नाही. पुन्हा टाकली. वाहत आली.

"यल्ला, चला," जाहिदा पुटपुटली, "अकरा वाजले, सामान भरायचंय..."

माशी थबकली. बुडाली.

"उचल!" राजाभाऊ इतक्या जोरात ओरडले की फोन टेबलावर पालथा पडला. पुढची पंधरा सेकंदं त्यांनी पाण्याचा खळखळाट, जाहिदाची किंकाळी आणि फुजैलच्या तोंडचे काही श्रीवर्धनी शब्द फक्त ऐकले. चारुलताबाईंनी फोन सुलटा केला तेव्हा पडद्यावर फुजैलच्या ओल्या तळहातांत मासा होता. वीतभर लांब. पिवळट अंगावर लाल ठिपके. अळी ओठाच्या कोपऱ्यात, काळा मणी उन्हात चमकत होता.

राजाभाऊंनी मणी नीट दिसावा म्हणून नाक पडद्याला लावलं.

"उस्ताद," फुजैल शेवटी म्हणाला. या वेळी त्यात चेष्टा नव्हती. मग तो म्हणाला, "आता याचं काय करायचं? जाहिदाकडे मसाला आहे."

आठ वर्षांत राजाभाऊंनी इथपर्यंतच विचार केला होता.

"सोड त्याला," ते म्हणाले. "पाण्यातच धर, आकडा काढ, तोंड वरच्या अंगाला कर. आपोआप जाईल."

"राजाभाऊ, आमच्या खानदानात आजपर्यंत कुणी मासा परत दिला नाय."

"आमच्या खानदानात कुणी धरला नव्हता. दोघंही थोडं थोडं सोसू."

फुजैलने जाहिदाकडे पाहिलं, मसाल्याच्या पुडीकडे पाहिलं, आणि वाकून मासा पाण्यात धरला. क्षणभर मासा तिथेच थांबला. मग नव्हता.

एवढ्यात गेस्ट हाउसचा म्हातारा मालक काठावर आला. त्याने दोऱ्याला लोंबणारी अळी दोन बोटांत धरली, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेली आणि काहीतरी बराच वेळ बोलला.

"काय म्हणतोय?" राजाभाऊंनी विचारलं.

"त्याचा मुलगा सांगतोय," जाहिदा म्हणाली, "वडील चाळीस वर्षं इथे गळ टाकतायत. असली अळी पाहिली नाही म्हणतात. एक मिळेल का, विचारतायत."

राजाभाऊंनी खुर्ची मागे सारली. "एक कशाला? सगळा डबा दे त्यांना. आणि सांग, दोह्यात हाताने बांधलेल्या आहेत."

"सगळा?" फुजैल काठी घट्ट धरून पाण्यातून ओरडला. "मग मी काय टाकू? आत्ता कुठे हात बसतोय!"

"तू सामान भर," राजाभाऊ म्हणाले. "तुझं विमान आहे."

त्यांनी फोन ठेवला. चारुलताबाई टेबलावरची पिसं आणि तारा बाजूला सारून ताटं मांडू लागल्या होत्या. मांडता मांडता त्या थांबल्या, ताटं पुन्हा एकावर एक रचली आणि म्हणाल्या, "आज ओट्यावरच वाढते. तुम्ही बसा बांधायला. म्हाताऱ्यांना डबाभर अळ्या किती दिवस पुरणार?"